नऊ दिवसांचा सरकारी नियम

खाम्पून नवस बोलली ती घाईघाईत, पायातली चप्पल न काढता आणि नवऱ्याला न विचारता. एवढ्या चुका एका दमात करायची तिची काही रीत नव्हती. पण त्या दिवशी गावात बातमी फिरत होती की सीदा आजी आपला दीड एकराचा तुकडा पुतण्याला देणार, आणि हा तुकडा खाम्पूनच्या आईच्या घराला अगदी चिकटून होता. पुतण्या प्रासोंग तिथं डुकरं पाळणार होता. तीनशे. त्या तुकड्यावरून येणारा वारा बारा महिने आईच्या स्वयंपाकघरात शिरतो, हे गावात कुणालाही विचारा.

खाम्पूनला तिथं घर बांधायचं होतं. तिच्या नवऱ्याला, ताउनोला, त्या घरामागे सौना बांधायचा होता. सौना म्हणजे बंद लाकडी खोलीत दगड तापवून त्यांच्यावर पाणी ओतायचं आणि वाफेत बसून घाम गाळायचा. ईसानच्या रखरखीत मुलखातल्या उन्हाळ्यात हे काम कुणीही फुकटात, उघड्यावर करतो, असं आईने जावयाला सांगून पाहिलं होतं. पण ताउनो फिनलंडचा. तिकडे त्याने चौतीस वर्षं सरकारी खात्यात लिफ्ट तपासल्या होत्या आणि स्वतः आत बसून वरपर्यंत जाऊन आल्याखेरीज एकाही कागदावर सही केली नव्हती. अकरा वर्षं तो गावात राहत होता. भाषा पुस्तकावरून शिकला होता, त्यामुळे जेवायला काय आहे हेसुद्धा तो रेडिओवर बातम्या दिल्यासारखं विचारायचा.

परदेशी माणसाच्या नावावर या देशात कुंडीभर मातीही होत नाही. जमीन बायकोच्या नावावर घ्यायची, पैसे नवऱ्याने घालायचे आणि पैसे बायकोचेच आहेत असं नवऱ्याने कचेरीत लिहून द्यायचं, ही रीत. सगळे सही करतात. कचेरीलाही सगळं ठाऊक असतं. म्हणजे अडचण कायद्याची नव्हतीच, अडचण सीदा आजीची होती. म्हणून खाम्पून देवराईत पळाली, गावदेवापुढे हात जोडले आणि म्हणाली, "आजीने होकार दिला तर माझा माणूस डोकं भादरून नऊ दिवस भिक्खू होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी दारात हजर. "घे बाई तुकडा," ती म्हणाली. "काल प्रासोंगने मला चारचौघांत म्हातारी म्हटलं."

आजीचं वय त्र्याऐंशी. पण ते जाऊ द्या.

आजी गेल्यावर आईने लेकीला समोर बसवलं. "नेमकं काय बोललीस देवापुढे? शब्द न् शब्द सांग."

खाम्पूनने सांगितलं.

"होकार दिला तर? जमीन नावावर झाली तर, असं नाही?"

"घाईत होते गं."

"मग तुझा नवस आजच फळला. आता फेडायला उशीर केलास तर देव आहे आणि तू आहेस." आईने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, डुकराचं मुंडकं बोलायचं. उकडलेली अंडी बोलायची, शंभर. जिवंत माणसाचं डोकं कुणी बोलतं का?"

"परदेशी माणसाचं काम. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलावं."

दुपारपर्यंत पाण्याचा पंप जळाला आणि सीदा आजीची दाढ ठणकायला लागली. पंपाचं एक वेळ चालेल, पण आजीला काही झालं तर खरेदीखतावर सही कोण करणार? खाम्पून तडक ताउनोकडे गेली. तो चौकटीच्या कागदावर सौन्याचा नकाशा काढत बसला होता.

"ताउनो, तुला डोकं भादरावं लागणार."

"कोणत्या कारणास्तव?"

खरं कारण तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण नवस समजावून सांगायचा म्हणजे करार कुणाशी झाला, साक्षीदार कोण, लेखी कुठे आहे, हे सगळं आलं. मागे एकदा तिने घरावरून उडणाऱ्या घुबडाबद्दल सांगितलं होतं, तर ते समजावण्यात पावसाळा संपला होता. तेव्हा तिने जवळची वाट धरली.

"सरकारी नियम आहे. परदेशी माणसाच्या बायकोने जमीन घ्यायची, तर नवऱ्याने आधी नऊ दिवस भिक्खू व्हायचं."

ताउनोने पेन्सिल खाली ठेवली. "हा नियम माझ्या वाचनात आलेला नाही."

"नवीन आहे."

दर नव्वद दिवसांनी कचेरीत जाऊन आपला पत्ता बदललेला नाही हे अकरा वर्षं कळवत आलेला माणूस तो. त्याला नऊ दिवसांचं काही विशेष वाटलं नाही. "भूमी देण्यापूर्वी मनुष्याची तपासणी करणे योग्यच आहे," तो म्हणाला आणि वस्तरा शोधायला उठला. खाम्पूनला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी विहारात दीक्षा झाली. डोक्यावर केस नाहीत, इकडच्या रीतीने भुवयाही नाहीत, अंगावर भिक्खूचं वस्त्र, चीवर, अशा उंच गोऱ्या माणसाला थोरल्या भंतेंनी रिवाजाप्रमाणे पालीत प्रश्न विचारले. तू मनुष्य आहेस का? पुरुष आहेस का? कुणाचं कर्ज नाही ना? राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईवडिलांची संमती आहे? ताउनो खूश झाला. लिफ्टच्या तपासणीतही सतरा प्रश्न असायचे, पण पहिलाच प्रश्न इतका मुळाशी जाणारा नसायचा. आईची संमती त्याने फोनवर आधीच घेतली होती. म्हातारी एकोणनव्वद वर्षांची. तिने एवढंच विचारलं होतं, "तिथं थंडी वाजेल का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग हो."

इथून पुढे नऊ दिवस ताउनोला आपल्यालाही 'ते' म्हटलं पाहिजे. खाम्पूनची पंचाईत तर विचारू नका. अकरा वर्षं ज्याला अरेतुरे केलं त्याला 'आपण' म्हणायचं, हाताला हात लावायचा नाही, शेजारी बसायचं नाही. रोज उजाडताना रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भात घालायचा आणि त्यांनी एक शब्दही न बोलता पुढे जायचं. "हे घरीही असंच करायचे," ती आईला म्हणाली. "फक्त मी गुडघे टेकत नव्हते."

चौथ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, सीदा आजी गाल धरून आली. "गुरुवारी शहरात लेकीकडे चालले. दाढ काढायचीय. परत कधी येईन, येईन की नाही, सांगता येत नाही. प्रासोंग गाडीने सोडतो म्हणालाय." आणि जाता जाता सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "वाटेत जमिनीच्या कचेरीत थांबू म्हणतो. परवा माफीही मागितलीन मेल्याने."

म्हणजे फार तर बुधवार. बुधवारी झालं तर झालं, नाही तर तीनशे डुकरं. बुधवार दीक्षेचा सहावा दिवस. चीवर तीन दिवस आधी उतरवायचं म्हटलं, तर आई अंगावर आली. "अर्धा नवस फेडण्यापेक्षा न फेडलेला बरा. देवाला काय वाटेल, हिने माप मारलं." तेव्हा ठरलं, चिवरासकटच कचेरीत जायचं. नव्या भिक्खूला एकट्याने सरकारी ठिकाणी पाठवणं बरं नाही, असं म्हणत थोरले भंतेही निघाले. कचेरीत गारव्याचं यंत्र बसवल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

खाम्पूनच्या भावाने गाडी काढली. पुढच्या गार भागात दोघे भिक्खू बसले. बायांनी त्यांना लगटून बसायचं नाही, म्हणून खाम्पून आणि त्र्याऐंशी वर्षांची आजी मागच्या उघड्या हौद्यात, ऊन खात, एकमेकींना धरून. दर खड्ड्याला आजी म्हणायची, "दाढ पडली असती तरी परवडलं असतं."

कचेरीत भिक्खू शिरले तशी माणसं उठून उभी राहिली. रांग बाजूला झाली. बर्फ घातलेलं सरबत आलं. नंबराची चिठ्ठी ताउनो भंतेंनी तरीही घेतली, कारण यंत्रावर तसं लिहिलं होतं, आणि त्यांचा नंबर एकोणसाठ आहे हे बघून सहा जणांनी तो, भिक्खूचा आकडा शुभ म्हणून, लॉटरीसाठी टिपून घेतला. टेबलापलीकडे राफीफान मॅडम होत्या. वीस वर्षांची नोकरी. बाईने भिक्खूच्या हातात काही द्यायचं नसतं, म्हणून त्यांनी टेबलावर रुमाल पसरला आणि कागद त्यावरून सरकवायची सोय केली.

ताउनो भंतेंनी रुमालावर पासपोर्ट ठेवला. लग्नाचा दाखला ठेवला. त्याच्यावर विहाराचा शिक्का असलेला दीक्षेचा दाखला ठेवला.

"हा कशाला, भंते?" मॅडमनी विचारलं.

"नियमानुसार," ताउनो भंते म्हणाले.

खाम्पूनच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमनी तिच्याकडे बघितलं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

आता राफीफान मॅडमच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं? वरून दर महिन्याला परिपत्रकं येतात. मागच्या चार महिन्यांची त्यांच्या खणात तशीच पडून होती. त्यात हे नसेलच असं कोण सांगणार? आणि समोर भिक्खू सांगतोय, तोही परदेशी, तोही बिनभुवयांचा. त्या दाखला घेऊन काचेपलीकडे मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी दाखला उलटा केला, सुलटा केला, चष्मा लावला, चष्मा काढला. साहेबांनाही एक खण होता.

मॅडम परत आल्या. "झेरॉक्स काढून फाईलला लावायला सांगितलंय. तीन प्रती." तिन्ही प्रतींवर साहेबांनी 'नियमाप्रमाणे पाहिले' असं लिहून सही केली होती.

खाम्पूनचा जीव भांड्यात पडला. तो तिथं दहा मिनिटंच राहिला. कारण आता नवऱ्याने द्यायचं ते निवेदन पुढे आलं आणि ताउनो भंते त्याच्या एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचू लागले. वाचून संपल्यावर म्हणाले, "हे विधान असत्य आहे."

"कुठलं?"

"चौथी ओळ. 'सदर रक्कम सर्वस्वी पत्नीची असून तीवर माझा कोणताही हक्क नाही.' रक्कम माझी आहे. ती मी लिफ्ट तपासून मिळवली."

"भंते, ही सही सगळेच परदेशी करतात. दिवसाला दोन-तीन तरी."

"ते भिक्खू नसतात."

गारव्यात डोळा लागलेले थोरले भंते जागे झाले. "खोटं बोलायचं नाही," ते म्हणाले. "हे तर शुक्रवारीच ठरलंय."

"काय ते लवकर ठरवा," सीदा आजी गाल धरून म्हणाली. "प्रासोंग मागोमाग येऊन खाली उभाय. त्याच्याकडे पेनसुद्धा आहे."

"अरे, तू कर ना सही," खाम्पूनच्या तोंडून निघून गेलं. सगळ्या कचेरीने वळून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे... भंते, आपण कृपा करून सही ठोका ना."

थोरल्या भंतेंनी सरबताचा घोट घेतला. "ओळ खोटी आहे ना? मग ती खरी करता येते का बघ."

"कशी?"

"देऊन टाक बायकोला. कागदावर नाही, मनातून. दिलंस की ओळ खरी."

"सर्व?"

"ओळीत काय लिहिलंय?"

"सर्वस्वी."

"मग सगळंच आलं."

ताउनो भंतेंनी डोळे मिटले. कचेरीतली टंकलेखनाची टकटक थांबली. एक बाई तान्ह्याला घेऊन उभी होती, तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. खाम्पूनने हा चेहरा आधी एकदाच पाहिला होता. शहरातल्या दुकानात लिफ्ट मध्येच अडकली होती आणि सगळे ओरडत असताना हा असाच डोळे मिटून दोराचा आवाज ऐकत उभा होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. "दिले," ते म्हणाले. "खाम्पून, ही रक्कम आता तुझी आहे. भूमी तुझी आहे. उद्या तू मला त्या घरातून बाहेर काढू शकतेस. सौना असावा की नसावा हेही तू ठरवशील. मला याची भीती वाटते. परंतु मी दिले आहे." आणि पेन उचललं.

खाम्पूनला रडू फुटलं. चौतीस वर्षांची कमाई हा माणूस डोळे मिटून देतो, भीती वाटते म्हणतो आणि तरी देतो, आणि आपण त्याच्या भुवया खोटं बोलून उतरवल्या. तीनशे काय, तीन हजार डुकरं येऊ देत.

"थांबा," ती म्हणाली. "सही करू नका. असला काही नियम नाहीये. भिक्खू व्हायचा. मी देवापुढे नवस बोलून बसले आणि यांना नियम म्हणून सांगितलं. चुकलं माझं."

पेन कागदावर टेकता टेकता राहिलं. "नियम नाही?"

राफीफान मॅडमचा चेहरा पांढरा पडला. तीन प्रती. तिन्हींवर सही. "कोण म्हणतं नियम नाही?"

"मीच म्हणते. मीच केलाय तो. घरी, ओट्यावर बसून."

"बाई, तुम्ही जमीन खात्यात नोकरीला आहात?"

"नाही."

"मग तुम्ही नियम कसा कराल?"

आवाज ऐकून मोठे साहेब बाहेर आले. काय प्रकार आहे ते मॅडमनी त्यांच्या कानात सांगितलं. साहेबांनी फाईल उघडून आपली सही बघितली. आणखी एकदा बघितली.

"नसलेल्या नियमावर मी सही करीन का?" त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं. मग फाईल मिटली. "नियम आहे," साहेब म्हणाले.

"नियमाचा क्रमांक काय?" ताउनो भंतेंनी विचारलं.

"अंतर्गत आहे."

ताउनो भंतेंनी मान डोलावली. "आमच्या खात्यातही अंतर्गत नियम असत."

"अहो पण मी शपथेवर सांगते," खाम्पून काकुळतीला आली. "विचारा माझ्या आईला. पंप जळाला होता आमचा."

"पंपाचा इथं काय संबंध?" साहेब म्हणाले आणि आत निघून गेले.

ताउनो भंते खाम्पूनकडे बघत राहिले. बिनभुवयांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळणं अवघड, पण डोळ्यांत पाणी होतं. "माझे सर्व काही जाऊ नये म्हणून तू असत्य बोललीस," ते म्हणाले. "नियम नाही असे समजून मी परत फिरावे म्हणून. हे मी कधीही विसरणार नाही. परंतु पुन्हा असे करू नकोस." आणि त्यांनी चौथ्या ओळीखाली, संथपणे, पूर्ण नावाची सही केली.

आजीनेही अंगठा उठवला. प्रासोंग खाली पेन घेऊन तसाच उभा राहिला.

नवव्या दिवशी चीवर उतरलं. जमिनीवर घर उभं राहू लागलं, आणि सौना घराआधी झाला, कारण तसा हुकूम मालकिणीनेच दिला. पुढच्या महिन्यांत खाम्पूनने ताउनोला तीनदा खरं सांगून पाहिलं. तिन्ही वेळा तो तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "मला माहीत आहे तू का म्हणतेस." चौथ्यांदा सांगायचं तिने सोडून दिलं.

मग एके दिवशी शेजारच्या गावची लामदुआन आली. तिचा नवरा बेल्जियमचा. बोडका. तो गाडीतून उतरायलाही तयार नव्हता. लामदुआन पायरीवर बसली आणि डोळ्यांना पदर लावावा तसा ओढणीचं टोक लावून रडायला लागली.

"काय झालं गं?"

"जमिनीच्या कचेरीत गेलो होतो. आता नवीन पाटी लावलीय तिथं. परदेशी नवरा असेल तर दीक्षेचा दाखला आणा म्हणून. तीस वर्षांची दाढी होती याची. काढली, नऊ दिवस राहिला विहारात, दाखला आणला."

"मग झालं ना?"

"कुठलं काय. आता ती चौथी ओळ मोठ्याने वाचायची असते. मग साहेब समोर उभे राहतात, सगळी कचेरी गप्प होते आणि नवऱ्याने डोळे मिटून मनातून द्यायचं." लामदुआनने नाक पुसलं. "अर्धा तास उभा होता मेला डोळे मिटून. मग डोळे उघडून म्हणाला, होत नाहीये."

खाम्पूनने वळून बघितलं. मागे सौन्याच्या छपराच्या डागडुजीला चढलेला ताउनो खिळा ठोकायच्या आधी लाकूड दोनदा मोजत होता.

"तुझ्या माणसाला कसं जमलं गं?" लामदुआनने विचारलं. "तू काय केलं होतंस तेव्हा? मला सांग, मीही तेच करते."

"मला नको विचारूस," खाम्पून म्हणाली. "मी त्याला थांबवत होते."